करबातिचचा शेवटचा सामना आणि एक प्रश्न: हँडबॉलपटूची कारकीर्द मोजायची कशाने?

सुपर्ण
पॅरिस ऑलिंपिकमधला फ्रान्स विरुद्ध जर्मनी हा पुरुष हँडबॉलचा उपांत्यपूर्व सामना काल पुन्हा बसून पाहिला. ७ ऑगस्ट २०२४, लील. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: फ्रान्स २९-२८ ने पुढे, चेंडू फ्रान्सकडे, घड्याळात सहा सेकंद. त्यात फ्रान्सचा टाइमआउट झालेला, म्हणजे काय करायचं ते ठरवायलाही वेळ मिळालेला. चेंडू सहा सेकंद आपल्याकडे ठेवायचा, एवढंच काम. दिका मेमने पास टाकला आणि तो गेला युलियान क्यॉस्टरच्या हातात. तिथून चेंडू रेनार्स उश्चिन्सकडे, आणि वेळ संपता संपता गोल. २९-२९. जादा वेळेत जर्मनी ३५-३४ ने जिंकली. उश्चिन्सचे एकट्याचे १४ गोल.

निकोला करबातिचचा हा शेवटचा सामना ठरला. वय ४०. फ्रान्समधलं ऑलिंपिक, घरचे प्रेक्षक, आणि पदकाच्या फेरीआधीच बाहेर.

चारच दिवसांनी त्याच मैदानात डेन्मार्कने जर्मनीला ३९-२६ असं धुतलं आणि मिक्केल हान्सेन सुवर्णपदक गळ्यात घालून निवृत्त झाला. गोलरक्षक निकलास लांडिननेही राष्ट्रीय संघाचा निरोप तिथेच घेतला.

माझा धाकटा भाऊ म्हणतो, शेवट गोड ते सारं गोड, म्हणून हान्सेन मोठा. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते त्याला नीट सांगताही आलं नाही. म्हणून इथे विचारतोय. या खेळात एखाद्याची कारकीर्द तुम्ही कशाने मोजता? पदकांनी, गोलांनी, किती वर्षं टिकला त्याने, की आणखी कशाने?

डावखुरा_७
भावाला आकडे द्या. करबातिच: ऑलिंपिक सुवर्ण ३ (२००८, २०१२ आणि २०२१ मध्ये झालेलं टोकियो), विश्वविजेतेपदं ४ (२००९, २०११, २०१५, २०१७), युरोपियन विजेतेपदं ४ (२००६, २०१०, २०१४, २०२४). अकरा सुवर्ण. शिवाय जगातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून तीनदा निवड: २००७, २०१४, २०१६. आणि तो सहा सेकंदांतला पास त्याने टाकलेला नव्हता.

मृण्मयी०९
आकडे सगळे बरोबर आहेत, पण आकड्यांनीच मोजायचं म्हटलं तर स्वीडनच्या माग्नुस विस्लांदरचं काय करायचं?

आंतरराष्ट्रीय महासंघाने विसाव्या शतकातला सर्वोत्तम पुरुष खेळाडू म्हणून ज्याची निवड केली, त्याच्याकडे ऑलिंपिक सुवर्ण नाही. तीन ऑलिंपिक, तीन अंतिम सामने, तीन रौप्य. १९९२ बार्सेलोना, संयुक्त संघाकडून (सोव्हिएत संघ फुटल्यावर उरलेल्यांचा तो संघ) २०-२२. १९९६ अटलांटा, क्रोएशियाकडून २६-२७. २००० सिडनी, रशियाकडून २६-२८. तिन्ही पराभवांतला फरक मिळवा, सगळे मिळून पाच गोल होतात. पाच! दोन चेंडू खांबाला लागून आत गेले असते आणि एखादा गोलरक्षकाने अडवला असता, तर आज आपण त्याच्याबद्दल वेगळ्याच भाषेत बोलत असतो.

विश्वविजेता तो दोनदा झाला, १९९० आणि १९९९. त्या काळच्या स्वीडनने युरोपियन विजेतेपदं तर ओळीने उचलली. तरी त्याचं नाव निघालं की लोक आधी "बिचारा" म्हणतात. मला त्या "बिचारा"चा फार राग येतो.

गोलखांब
मृण्मयीताई, त्या तीनपैकी दोन सामन्यांत समोरच्या गोलमध्ये कोण होतं ते सांगायचं राहिलं. आंद्रेई लाव्रोव्ह!

मी स्वतः गोलरक्षक, त्यामुळे मला सहन करा. लाव्रोव्हची तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या संघांकडून: १९८८ ला सोव्हिएत संघ, १९९२ ला संयुक्त संघ, २००० ला रशिया. देश बदलायला हा माणूस कुठे गेलाच नव्हता. तो गोलमध्ये उभा होता आणि मागे झेंडा बदलत गेला. सिडनीत सुवर्ण जिंकलं तेव्हा वय ३८. तिथे उद्घाटनाला रशियाचा ध्वजही त्याच्याच हातात होता. मग २००४ ला अथेन्समध्ये कांस्य, वय ४२.

गोलरक्षकाचं काम काय असतं ते एकदा उभं राहून बघायला हवं. गोल तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच. फेकणारा सहा मीटरच्या रेषेबाहेरून उडी मारतो, म्हणजे चेंडू सुटतो तेव्हा तो हवेतच अजून जवळ आलेला असतो. चेंडू बघून हालचाल केली तर उशीर झालाच म्हणून समजा. बघायचं खांद्याकडे, कोपराकडे, कमरेच्या वळणाकडे. आणि विंगवाला कोपऱ्यातून उडी मारून येतो तेव्हा शेवटच्या क्षणी मनगट वळवतो. चेंडू तुमच्या पायाशेजारी टप्पा घेतो, बाहेर जातोय असं वाटतं आणि फिरून आत जातो. या प्रकाराने मी इतके गोल खाल्लेत की अजूनही चेंडू टप्पा घेताना दिसला की पाय आपोआप हलतो.

हे सगळं वयाच्या ४२ व्या वर्षी ऑलिंपिकमध्ये करायचं. माझं मोजमाप हे: कोण किती वर्षं समोर उभा राहिला.

नऊमीटर
असहमत. लाव्रोव्ह महान आहेच, पण सोव्हिएत संघाच्या गोलमध्ये उभं राहणं आणि एखाद्या लहान देशाच्या गोलमध्ये उभं राहणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. समोर बचावाची भिंत कुणाची आहे? पदकं शेवटी संघाची असतात आणि संघ पासपोर्टने ठरतो.

मी किरिल लाझारोव्हचं नाव घेईन. मॅसेडोनियाचा डावखुरा राइट बॅक, म्हणजे उजवीकडून लांबून फेकणारा. २००९ च्या विश्वचषकात त्याने ९२ गोल केले, एकाच स्पर्धेत. समोरच्या प्रत्येक संघाला माहीत होतं की चेंडू शेवटी याच्याचकडे येणार आहे, तरी ९२. राष्ट्रीय संघाचं पदक? एकही नाही. फ्रान्समध्ये जन्मला असता तर घरात पदकं ठेवायला जागा पुरली नसती.

डावखुरा_७
डावखुऱ्याचं नाव निघालं म्हणून हात वर करतोय. सगळा उजवीकडचा कारभार आमच्या भरवशावर चालतो, तरी आम्हाला शोधून आणावं लागतं. :)

अवधूत_प
पासपोर्टचा विषय निघालाच आहे तर २०१५ चं कतार विसरून कसं चालेल?

यजमान कतार अंतिम फेरीत पोचला. युरोपबाहेरचा कुठलाही संघ त्याआधी तिथवर आलेला नव्हता. पण संघ पाहा: झार्को मार्कोविच मॉन्टेनेग्रोचा, गोलरक्षक दानियेल शारिच बोस्नियाचा, राफाएल कापोते क्युबाचा. बर्ट्रां रोआने तर २०११ मध्ये फ्रान्सकडून विश्वविजेता झालेला, आणि २०१५ च्या अंतिम सामन्यात तो फ्रान्सविरुद्धच उभा. प्रशिक्षक वालेरो रिवेरा, ज्याने दोनच वर्षं आधी स्पेनला विश्वविजेता केलं होतं. फ्रान्सने २५-२२ ने सामना जिंकला आणि मला अक्षरशः हायसं वाटलं.

ती रौप्यपदकं त्या खेळाडूंच्या कारकिर्दीत धरायची का? मी तरी धरणार नाही.

रेफ्रीकाका
अवधूत, नियम काय होता तो आधी समजून घेऊ. आधीच्या देशाकडून तीन वर्षं अधिकृत सामना खेळलेला नसेल तर नव्या देशाकडून खेळता येतं. कतारने तो नियम मोडला नाही, पूर्ण वापरला. नियम सैल आहे असं म्हणा, मी तुमच्या बाजूने सही करीन. पण त्याचा राग खेळाडूवर कशाला?

तालांत दुयशेबाएवचं उदाहरण घ्या. जन्म किर्गिझस्तानचा, तेव्हा ते सोव्हिएत संघात होतं. १९९२ ला संयुक्त संघाकडून ऑलिंपिक सुवर्ण, १९९३ ला रशियाकडून विश्वविजेता, मग स्पेनकडून १९९६ आणि २००० ला ऑलिंपिक कांस्य. जगातला सर्वोत्तम खेळाडू दोनदा. त्याची दोन्ही मुलं, आलेक्स आणि दानी, स्पेनकडून खेळली. त्याला कुणी भाडोत्री म्हणत नाही. का? तो तिथे राहिला, संसार केला, म्हणून? मग कापोते तिथे राहिला तर चालणार की नाही? रेषा कुठे मारायची ते मला खरंच कळत नाही, आणि रेषा मारण्यातच माझी वीस वर्षं गेली आहेत.

अवधूत_प
काका, फरक आहे. दुयशेबाएवचा देशच नकाशावरून गेला. रोआनेचा फ्रान्स जागच्या जागी होता.

रेफ्रीकाका
हे मान्य. रोआनेबद्दल मान्य.

मृण्मयी०९
आणि स्वतः करबातिच? जन्म युगोस्लाव्हियातल्या निशचा, वडील ब्रानिस्लाव्ह गोलरक्षक. वडील फ्रान्समध्ये आले म्हणून मुलगा फ्रान्सचा झाला. धाकटा भाऊ लुकाही फ्रान्सकडूनच खेळला, आणि २०२५ च्या विश्वचषकात इजिप्तविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात शेवटच्या क्षणी ३४-३३ चा विजयी गोल त्याचाच. कुणाची मुळं कुठे हे या खेळात खणत बसलो तर अर्धा युरोप उकरावा लागेल.

शर्वरी
इतका वेळ नुसती वाचत होते. सुपर्णच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे: कारोल बिएलेत्स्की.

पोलंडचा लेफ्ट बॅक, लांबून तोफ मारणारा. २००७ च्या विश्वचषकात पोलंडने रौप्य मिळवलं त्या संघात होता. जून २०१० मध्ये क्रोएशियाविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना चालू होता. प्रतिस्पर्ध्याचं बोट त्याच्या डाव्या डोळ्यात गेलं. शस्त्रक्रिया झाली, दृष्टी वाचली नाही. आता हा खेळणार नाही असंच सगळे धरून चालले होते. तो काही आठवड्यांतच संरक्षक चष्मा लावून परत सरावाला उतरला.

एका डोळ्याने हँडबॉल म्हणजे काय ते थोडंसं मला माहीत आहे, म्हणून हे इतकं आत लागतं. मी कॉलेजच्या संघात होते. एकदा डोळ्याला मार लागून आठ दिवस पट्टी होती. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही, भिंतीवर चेंडू मारायला गेले. लांबचं सोडा, भिंतीवरून परत येणारा साधा चेंडू हातात बसेना. हात पुढे करायचे तर चेंडू आधीच छातीवर आलेला, नाहीतर मी हवेतच मूठ मिटलेली. अंतर म्हणून जे काही असतं तेच नाहीसं झालं होतं. दहा मिनिटांत खाली बसले.

हा माणूस तसा आणखी आठ वर्षं खेळला, तेही अव्वल क्लबांत. २०१६ ला त्याच्या क्येल्त्से क्लबने चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातली क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात उत्तरार्धात ते वेस्प्रेमच्या नऊ गोलांनी मागे होते, बरोबरी केली, जादा वेळेतही बरोबरीच राहिली, शेवटी सात मीटरच्या, म्हणजे पेनल्टीच्या फेऱ्यांवर ३९-३८. त्याच उन्हाळ्यात रिओला उद्घाटनात पोलंडचा ध्वज बिएलेत्स्कीच्या हातात होता. आणि त्या ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक गोल कुणाचे? त्याचेच, ५५. पोलंड चौथा आला. पदक नाही.

पदकांच्या यादीत त्याची ओळ छोटीच दिसेल. मला त्याच्यापेक्षा मोठी कारकीर्द माहीत नाही.

गोलखांब
शर्वरी, हे वाचून थोडा वेळ काहीच लिहावंसं वाटलं नाही.

चिमणपाखरू
+१. बिएलेत्स्कीचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं. मी अगदी नवीन प्रेक्षक आहे, एक बाळबोध प्रश्न: हे खेळाडू सारखे बुटाच्या टाचेला हात का लावतात? मला आधी वाटलं काही शुभशकुन असावा.

गोलखांब
ते रेझिन, म्हणजे चिकट राळ. टाचेवर त्याचा गोळा चिकटवून ठेवतात आणि लागेल तसं बोटांना लावतात. त्यामुळे चेंडू एका हातात धरून हवेत लटकता येतं, मनगट फिरवता येतं. पुरुषांचा चेंडू ५८ ते ६० सेंटिमीटर घेराचा असतो, राळेशिवाय तो एका हाताच्या पकडीत ठेवून हवा तसा फिरवणं फार अवघड. साबणाने ती निघत नाही, तेल चोळत बसावं लागतं. आमच्याकडे सरावानंतर दाराच्या कडीपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळं चिकट असायचं. आणि राळेची गुठळी लागलेला चेंडू टप्पा घेताना कुठे वळेल ते फेकणाऱ्यालाही माहीत नसतं.

चिमणपाखरू
धन्यवाद! आता टाच सोडून दुसरं काही दिसणारच नाही मला.

उत्खनन
मोजमापात एक गोष्ट कुणी धरलेली नाही: शरीर.

युरोपातल्या खेळाडूचं वेळापत्रक बघा. एका वर्षी जानेवारीत विश्वचषक, दुसऱ्या वर्षी जानेवारीत युरोपियन स्पर्धा. म्हणजे दर जानेवारीत एक मोठी स्पर्धा, अडीच आठवड्यांत अंतिम फेरीपर्यंत नऊ सामने. ऑलिंपिक वर्षात पुन्हा उन्हाळ्यात तेच. मधल्या काळात क्लब, आणि एकट्या जर्मन लीगचेच हंगामात ३४ सामने, चषक आणि युरोपातले सामने वेगळे. युरोपातल्या खेळाडूंच्या संघटनेने २०१९ मध्ये याविरुद्ध मोहीमही चालवली होती. सामने काही कमी झाले नाहीत. विश्वचषकात २४ संघ होते, २०२१ पासून ३२ झाले.

हान्सेनचा शेवट गोड होता म्हणणाऱ्यांना २०२३ आठवतं का? जानेवारीत सलग तिसरं विश्वविजेतेपद, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तो मानसिक ताणामुळे अनिश्चित काळासाठी रजेवर गेला. जगात ज्याच्या तोडीचे चार खेळाडू नसतील, तो उघडपणे सांगतो की आता माझ्याच्याने होत नाही. ते सांगायला जे लागलं ते मला अंतिम सामन्यातल्या गोलांहून मोठं वाटतं. तिथून परत येऊन २०२४ चं सुवर्ण.

करबातिचचंही तेच. ऑक्टोबर २०२० मध्ये गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटला, वय ३६. त्या वयात बहुतेक जण तिथेच बूट टांगतात. दहा महिन्यांत तो टोकियोत सुवर्णपदक घेत होता, अंतिम सामन्यात डेन्मार्कला २५-२३ ने हरवून.

रेफ्रीकाका
शरीराचा विषय काढलात म्हणून योआखिम डेकार्मचं नाव इथे नोंदवून ठेवतो. पश्चिम जर्मनीने १९७८ चा विश्वचषक सोव्हिएत संघाला २०-१९ ने हरवून जिंकला, त्या संघातला. मार्च १९७९ मध्ये हंगेरीतल्या टाटाबान्यात क्लबच्या सामन्यात त्याची एका खेळाडूशी टक्कर झाली आणि डोकं जमिनीवर आपटलं. काँक्रीटवर नुसता पातळ थर अंथरलेली जमीन होती. १३१ दिवस कोमात. जागा झाला, पण चालणं-बोलणं सगळं नव्याने शिकावं लागलं. वय २५.

मी शिट्टी फुंकायला लागलो तेव्हा एका ज्येष्ठ पंचांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती ही की सामन्याआधी स्वतः मैदानावर चालून पायाखाली काय आहे ते बघायचं. हे त्यांनी डेकार्मचं नाव घेऊनच सांगितलं होतं. मी अजूनही चालतो, चारही कोपरे.

नऊमीटर
काका, _/\_

जरा विषय हलका करतो. पासपोर्टचं मी म्हटलं होतं, त्याला एक सणसणीत अपवाद आहे तो मीच सांगतो: आइसलँड. २००८ ला बीजिंगमध्ये लोकसंख्या तीन लाखांच्या थोडी वर असलेला देश ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत! फ्रान्सकडून २३-२८ ने हरले, पण रौप्य. ओलाफुर स्तेफान्सन कर्णधार. प्रशिक्षक गुडमुंडुर गुडमुंडसन, आणि हाच पुढे २०१६ ला डेन्मार्कला फ्रान्सविरुद्ध २८-२६ ने सुवर्ण जिंकून देतो. जर्मनीचा प्रशिक्षक आल्फ्रेड गिस्लासन आइसलँडचा. २०२५ ला क्रोएशियाला अंतिम फेरीत नेणारा दागुर सिगुर्डसन आइसलँडचा, आणि त्यानेच २०१६ ला जर्मनीला युरोपियन विजेता केलं होतं. अख्ख्या देशात खेळाडू जास्त की प्रशिक्षक जास्त, कुणीतरी मोजा.

अवधूत_प
हाहा, मस्त! बहुतेक शाळेत गणिताच्या तासाला बचावाची रचना शिकवत असतील.

मृण्मयी०९
२०२५ चा उल्लेख झालाच आहे तर दोमागोय दुव्न्याकचाही निरोप तिथेच झाला. ओस्लोत अंतिम सामना, डेन्मार्क ३२, क्रोएशिया २६. क्रोएशियाकडून इतकी वर्षं खेळून ऑलिंपिक वा विश्वविजेतेपद नाही, शेवट रौप्यावर. आमच्या विस्लांदरच्या पंक्तीला आणखी एक पान वाढा.

आणि त्या स्पर्धेत पोर्तुगाल पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचला. त्यांचा गोलरक्षक आल्फ्रेदो किंताना फेब्रुवारी २०२१ मध्ये गेला, पोर्तो क्लबच्या सरावात हृदय बंद पडलं. ३२ वर्षांचा होता. हवानात जन्मलेला, पोर्तुगालचा झालेला. अवधूत, हाही पासपोर्ट बदललेलाच. मार्टिम आणि किको हे कोस्टा बंधू जर्मनीविरुद्ध जादा वेळेत ३१-३० ने जिंकले तेव्हा मला सारखी त्याची आठवण येत होती.

अवधूत_प
ताई, किंतानाबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. कतारबद्दलचं माझं मत तेच आहे, पण मी वरती सगळ्यांना एकाच मापाने मोजलं, तेवढं चुकलं.

डावखुरा_७
सुपर्णच्या सहा सेकंदांकडे परत येऊ का? त्याच वर्षीचा जानेवारी आठवा. युरोपियन स्पर्धेचा उपांत्य सामना, कोलोन, फ्रान्स विरुद्ध स्वीडन. स्वीडन २७-२६ ने पुढे, वेळ संपलेली. शून्य सेकंद. फ्रान्सकडे फक्त एक फ्री थ्रो. समोर स्वीडनची उंच भिंत हात वर करून उभी. एलोहिम प्रांदीने जागेवरून चेंडू फेकला आणि तो आत! २७-२७. जादा वेळेत फ्रान्स ३४-३० ने जिंकला आणि दोन दिवसांनी अंतिम सामन्यात डेन्मार्कला ३३-३१ ने हरवून युरोपियन विजेता. करबातिचचं अकरावं सुवर्ण ते हेच.

म्हणजे जे घड्याळ जानेवारीत फ्रान्सच्या बाजूने थांबलं तेच ऑगस्टमध्ये विरुद्ध थांबलं. प्रांदीचा चेंडू भिंतीला लागला असता तर करबातिचचं शेवटचं वर्ष दोन्हीकडून कोरडं गेलं असतं. खेळाडू तोच, चाळीशीतला, तसाच बचावात उभा राहणारा.

रेफ्रीकाका
तो फ्री थ्रो पुन्हा बघाल तेव्हा प्रांदीच्या पायाकडे बघा. फेकताना एक पाय जमिनीला टेकलेलाच राहायला हवा, उडी मारता येत नाही, धावून येता येत नाही. भिंत तीन मीटरवर. कमरेतून एका बाजूला पूर्ण वाकून, भिंतीच्या कडेने चेंडू काढावा लागतो. शंभरातले नव्व्याण्णव अशा वेळी भिंतीवरच मारतात. स्वीडनने नंतर तक्रार केली होती, ती फेटाळली गेली.

सुपर्ण
इतकं सगळं वाचून काल रात्री भावाला हा धागा वाचायला बसवलं. बिएलेत्स्कीपाशी तो थांबला, मग गपचूप रिओचे सामने शोधायला लागला. डेन्मार्कविरुद्धचा पोलंडचा उपांत्य सामना आम्ही दोघांनी पाहिला, जादा वेळेत २८-२९ ने गेला. चष्मा लावून तो नऊ मीटरवरून उडी मारतो तेव्हा भाऊ दर वेळी श्वास धरत होता.

मला वाटतं माझ्या प्रश्नातच घोळ होता. मी दोन निवृत्त्या शेजारी ठेवल्या आणि त्यांतली एक सुखाची, एक दुःखाची असं धरून चाललो. उत्खनन यांनी हान्सेनचं २०२३ सांगितलं आणि डावखुरा यांनी करबातिचचा जानेवारी सांगितला, तेव्हा दोन्ही जागची हलली. मेमचं मात्र अजून वाईट वाटतं. त्या पासबद्दल त्याला आयुष्यभर विचारत राहतील.

गोलखांब
मेमचं वय बघा हो, जन्म १९९७ चा. बरंच खेळायचंय अजून. २०२७ चा विश्वचषक जर्मनीतच आहे, म्हणजे हिशेब चुकता करायला जागाही योग्य.

नऊमीटर
मधे डेन्मार्क उभा आहे ना पण. २०१९, २०२१, २०२३, २०२५, सलग चार विश्वविजेतेपदं. विश्वचषकात त्यांना शेवटचं हरवलं ते हंगेरीने, २०१७ मध्ये, २७-२५ ने. हान्सेन, लांडिन गेले तरी मथियास गिडसेल आहेच. टोकियो, २०२३, पॅरिस, २०२५, चारही स्पर्धांत सर्वोत्तम खेळाडू तोच. अंगाने इतका सडपातळ की शंभर किलोच्या बचावपटूंच्या फटीतून कसा जातो ते तीनदा मागे नेऊन बघावं लागतं.

डावखुरा_७
गिडसेल डावखुरा आहे, एवढंच नम्रपणे सांगतो. :)

शर्वरी
सुपर्ण, भावाला सांग की रिओचा पोलंड-जर्मनी कांस्यपदकाचा सामनाही बघ. हरलेत, २५-३१ ने. तरी बघ.